बाबांची भिंत

दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा डावा कान टेलिफोनला दाद देत नाही आणि माझ्या बोलण्याला टेलिफोनवर शिस्त राहत नाही. तेव्हा आपला पत्रांचा जुना मार्गच बरा.

आईला कायमची इकडे आणण्याचे ठरले, हे तुला ठाऊक आहेच. ती चौदा तारखेला येईल. गेल्या आठवड्यात तिचे सामान बांधून आलो. ती शेजारणींचा निरोप घेत फिरत होती, तेवढ्यात तिच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. कुलूप गंजून गेले होते. हात लावताच कडी निखळली. आत काय असावे? बाबांच्या वस्तू, बहुतेक शिवणकामाच्या. कापड मोजायचा लाकडी गज, मशीनचा चामडी पट्टा, जाड हँगर, छत्रीची मूठ आणि कोळशाची ती अवजड इस्त्री. प्रत्येक वस्तू जुन्या कापडात जपून गुंडाळलेली. आईचे प्रेम असे मुके होते, हे पाहून मला भरून आले. पेटी आधी पाठवायच्या सामानात घातली आणि तिला काही सांगितले नाही.

दिवाणखान्याच्या दर्शनी भिंतीवर मी पाच चौकटी लावल्या आहेत. सुतार बोलावला नाही. लाकूड मीच कापले, घासले, पॉलिश केले. मागे बाबांच्या काळ्या कोटाचे कापड ताणून बसवले, त्यावर वस्तू तारेने बांधल्या, पुढे काच लावली, खाली सुवाच्य अक्षरांत पट्ट्या लिहिल्या. मध्यभागी इस्त्री. तिच्याखाली लिहिले आहे, ‘ज्या हातांनी आम्हाला उभे केले’. तुझी भावजय म्हणते की आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले, आता भिंतही तपासून घेतली. म्हणू दे. आईची खुर्ची बरोबर त्या भिंतीसमोर ठेवली आहे.

बाबांची एखादी वस्तू तुझ्याकडे असल्यास पाठव. सहाव्या चौकटीची जागा राखून ठेवली आहे.

लोभ आहे तो वाढवावा. कमी झाल्यास कारणासह कळवावे.

तुझा,
बारक्या

---

दि. ५ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला घेतलं तेव्हा हसतच होते. सुतार न बोलावता लाकूड कापलंस, म्हणजे बोटं शाबूत आहेत का, हे आधी विचारणार होते. तुझे मेहुणे म्हणाले की हिशेबतपासनीसाने खिळा ठोकला तर भिंतीनेच सही करून द्यावी. मग पेटीपाशी आले आणि पत्र हातातून खाली ठेवलं.

बारक्या, त्या बाबांच्या आठवणी नाहीत. आईने बाबांच्या हाताला लागू नयेत म्हणून लपवलेल्या वस्तू आहेत. ज्या वस्तूने बाबा मारायचे, ती आई दुसऱ्या दिवशी उचलायची, चिंधीत गुंडाळायची आणि पेटीत टाकायची. बाबांनी विचारलं तर म्हणायची की हरवली. त्याबद्दल पुन्हा मार खायची. पण वस्तू परत मिळायची नाही. मग बाबा दुसरी शोधायचे.

गजाने माझा कान गेला. गिऱ्हाइकाचं कापड मी चार बोटं आखूड कापलं होतं. तापात गेला असं तुला सांगितलंय, ते खोटं. हँगरने आईची बरगडी मोडली. छत्रीच्या मुठीने तिचे पुढचे दोन दात. तू तिला हसताना तोंडावर पदर धरते म्हणून चिडवायचास, आठवतं? ती लाजत नव्हती.

मशीनच्या पट्ट्याबद्दल मला आत्ता लिहवत नाही.

आई यायच्या आत भिंत उतरव. कारण विचारलं तर वाळवी लागली म्हण. माझ्याकडून सहावी वस्तू येणार नाही.

रागावलास तरी पत्र लिहीत जा. तुझ्या रागाचंही मला अप्रूप आहे.

तुझी,
ताई

---

दि. ८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोहोचले. ते दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा तुझ्याबद्दल वाईट वाटले.

मी ज्या बाबांना ओळखतो त्यांनी माझ्यावर कधी आवाजही चढवला नाही. त्यांच्या उजव्या हाताची बोटे कारखान्याच्या दाबयंत्रात चिरडली होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. त्या पंजाने त्यांना पेलाही नीट धरता येत नसे. माझा शाळेचा पहिला कोट त्यांनी डाव्या हाताने शिवला. त्याचा एक खांदा वर आणि एक खाली होता, तरी तो मी फाटेपर्यंत घातला. असा माणूस गज उचलून लेकीचा कान फोडतो, हे मला कोणत्याही रकान्यात बसवता येत नाही. लहानपणीच्या भीतीला वयाबरोबर हातपाय फुटतात. दिवंगत माणसावर आरोप करणे सोपे असते, कारण तो खुलासा करायला येत नाही.

भिंत मी उतरवणार नाही. आई येईल, पाहील आणि बोलेल. तिचा शब्द अखेरचा. तुझे खरे ठरले तर मी स्वतः तुझ्या दारी येऊन नाक घासीन.

कटू लिहिले. स्नेहात बाधा येऊ देऊ नये.

तुझा,
बारक्या

---

दि. ११ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुला तुझे बाबा राहू द्यावेत म्हणून मी आणि आई इतकी वर्षं गप्प बसलो. आता तू तेच भिंतीवर लावून आईची खुर्ची समोर मांडली आहेस, म्हणून लिहिते.

तू पाळण्यात होतास. दुपारची वेळ. रडत होतास आणि मी मशीन थांबवून तुला घ्यायला उठले. बाबांनी मशीनचा पट्टा ओढून काढला आणि माझ्या गळ्याभोवती आवळला. डाव्या हाताने पट्टा पिळत होते आणि उजव्या पंजाने माझं डोकं कापायच्या टेबलावर दाबून धरलं होतं. मला आठवतं ते एवढंच की टेबलावरचा खडू माझ्या तोंडात गेला आणि तुझं रडणं लांब लांब जाऊ लागलं.

आईने इस्त्री उचलली. आत कोळसे लाल होते. ती तिने बाबांच्या पंजावर ठेवली आणि दोन्ही हातांनी, अंगातला सगळा भार टाकून, दाबली. ती दाबतच राहिली. पट्टा सुटला, मी खाली पडले, बाबा गुडघ्यावर आले, तरी ती पंजा टेबलावर दाबत होती. हाडांचा आवाज झाला तेव्हा तिने उचलली. वास तीन दिवस घरात होता. माझ्याही गालफडावर डाग आहे. पंजाखाली माझंच डोकं होतं.

दाबयंत्राची गोष्ट आईने रचली आणि बाबांनी ती जन्मभर सांगितली. बायकोने हात मोडला, हे कोणता पुरुष सांगेल?

तुझ्या वाट्याला आलेले बाबा त्या दुपारनंतरचे. मायाळू होते, खोटं नाही. पण आधी त्यांचा हात मोडावा लागला.

मला खोटी ठरव, वेडी ठरव, नाक नको घासूस. भिंत उतरव.

वाट पाहते आहे, उत्तराची आणि उत्तर नसलं तरी तुझी.

ताई

---

दि. १७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र तेरा तारखेला मिळाले होते. मी भिंत उतरवली नाही. माझी तपासणी मला पुरी करायची होती.

आई आली. तिने पाणी मागितले, पेला तोंडाला लावला आणि तो तसाच खाली ठेवला. मी तिला खुर्चीत बसवून एकेक पट्टी मोठ्याने वाचून दाखवली. मध्यावर आलो तेव्हा विचारले की ताई लिहिते ते खरे का. ती उठली आणि हातातल्या काठीने पहिली चौकट खाली पाडली. मग दुसरी. तुझी भावजय आईला धरायला धावली. मी ओरडलो की थांब, हे माझे काम आहे. आईने इस्त्रीच्या चौकटीत काठी अडकवली.

मोडलेल्या चौकटीची लाकडी पट्टी माझ्या हातात होती आणि ती आईच्या मनगटावर लागली. हे वाक्य मी खोडतो. मी आईला मारले. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा मला थांबता येत होते. मध्ये पडलेल्या तुझ्या भावजयीला मी ढकलले, ती काचांवर पडली. तिच्या भुवईला टाके आहेत. आईच्या डाव्या मनगटाचे हाड तडकले आहे.

आई ओरडली नाही. मनगट छातीशी धरून ती एवढेच म्हणाली की हात अगदी त्यांच्यासारखाच वरून येतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी सांगितले की भिंतीवरून चौकट पडली. आई शेजारीच बसली होती. तिने डॉक्टरांना शांतपणे सांगितले की चौकट पडलेली नाही, मुलाने मारले, तसेच लिहा. त्यांनी तसेच लिहिले.

ताई, त्या बाबांना मी पाहिले नव्हते. मग हा हात मला कोणी शिकवला?

लोभ मागण्याचा अधिकार उरला नाही. तरी सवयीने मागतो.

बारक्या

---

दि. १९ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

उजवा हात चांगला आहे, म्हणून लिहिते. हे पत्र सुनेच्याच हाती देते आहे. तिला तुझ्याकडे ठेवून घे. जेवायला घाल, झोपू दे, काही विचारू नकोस. भुवईचे टाके सोमवारी काढायचे आहेत. तिने आजवर एकदाही बारक्याचा हात उगारलेला पाहिला नव्हता म्हणते. तिच्या तोंडाकडे बघून मला ते खरं वाटतं. पण आता पाहिला आहे.

तू मला न्यायला येशील हे मला माहीत आहे. येऊ नकोस. मी इथेच राहणार. मला ह्याची भीती वाटत नाही. तुझ्या बापाचीही मला माझ्यासाठी कधी वाटली नाही, तुझ्यासाठी वाटायची.

भिंत रिकामी आहे. सगळं त्यानेच उतरवलं, काचा त्यानेच वेचल्या, बोटं कापून घेतली. मी मदत केली नाही. पेटीला नवं कुलूप आणायला निघाला होता, मी नको म्हटलं. वस्तू पेटीत घालून उपयोग नसतो, हात नवी वस्तू शोधतो. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुझ्या बापाशी मी त्या माराबद्दल जन्मात कधी बोलले नाही. आधी तुझ्यासाठीच्या भीतीने, मग तो हात मोडल्यावर गरजच उरली नाही म्हणून. तो गप्प झाला त्याला मी सुधारणा समजले. बारक्याच्या बाबतीत तसं करायचं नाही. सकाळी चहा झाला की त्याला समोर बसवते आणि पहिल्यापासून सांगते, एकेक मार, कुठे लागला, तू कुठे उभी होतीस. काल त्याने कान झाकले. मी म्हटलं हात खाली घे. घेतले.

अजून तुझ्या कानापर्यंतच आले आहे. पुष्कळ उरलं आहे. सगळं सांगून होईपर्यंत सून तुझ्याकडे राहील, आणि त्यानंतर यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. मी तिला ये म्हणून सांगणार नाही.

घरच्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
आई