बाबांना वास आला

आये, तुझ्या सुदेशचा चेन्नईहून वाकून नमस्कार.

फोनवर तू रडायला लागतेस, म्हणून लिहितोय. बाबा बोलले गं!

मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून नुसतं 'ऊं ऊं' चाललेलं. आज समोरच्या खानावळीतून सुरमईचं कालवण आणलं. बाबांनी वास घेतला, ताट ढकललं आणि चक्क म्हणाले, "शिली हाय!" मी इतक्या जोरात ओरडलो की सिस्टर घाबरून धावत आली. बाबांनी तिलाही तेच ऐकवलं.

रक्ताचा तो दुर्मीळ आजार मात्र राहणार. रक्त दाट होऊन गुठळ्या होतात, आणि पातळ करायची गोळी दिली तर पुन्हा रक्तस्रावाची भीती. डॉक्टर जपून डोस ठरवतायत. उजवा हात अजून उचलवत नाही, पण तू काळजी करू नकोस. जेवतेस ना वेळेवर? आणि खर्चासाठी बाबांची होडी विकायचं एवढ्यात ठरवू नकोस.

मी बाबांना विचारलं, "मग कोणाच्या हातचं पाहिजे?" जन्मभर तुझं नाव न घेता तुला 'अगो' म्हणणारा तो माणूस खूप वेळ ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "शेवंतीच्या."

कळव्यात सगळ्यांना सांग. हे शेवटचं नाही सांगितलंस तरी चालेल.

तुझा,
सुदेश