बाबांचा दुपट्टा

बाभुळगाव. सप्टेंबर, शनिवार.

माझ्या चिनूला चष्मा लागला. वय सहा. पुस्तक नाकाला लावून वाचायची, तर मी ते हुशारीचं लक्षण म्हणून चारचौघांत मिरवत होते!

यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला लहानपणी चष्मा? नाही. शेतात औषधाची फवारणी कोण करतं? माझे वडील, माझ्या जन्माआधीपासून. मी विचारलं, त्याचा नातीच्या डोळ्यांवर परिणाम होतो? "शक्यता आहे, खात्रीनं सांगता येत नाही." म्हणजे काळजी पक्की, कारण कच्चं.

तेव्हापासून बाबांच्या खांद्यावरचा तो दुपट्टा डोक्यातून जात नाही. कपाशी फवारताना बाबा तो नाकाला बांधायचे, आणि घरी आले की त्यानंच माझं तोंड पुसायचे. किती लाडानं. मी पोटात असताना आई तोच धुवायची...

संध्याकाळी बाबा शेतातून आले. "आन वं माय, पाहू तुहा चष्मा," म्हणत त्यांनी काच पुसली. दुपट्ट्यानंच! मी चष्मा हिसकावून साबणानं धुतला.

"काहून वं? मळका हाये का?"

एरवी माझी जीभ कुणाला सोडत नाही. आज "असंच" एवढंच म्हणाले. खरं असेल तर सांगून उपयोग काय? खोटं असेल तर म्हाताऱ्याला उगाच जन्मभराचा घोर.

आता मागच्या अंगणात पाण्याचा आवाज येतोय. कधी स्वतःचा रुमाल न धुतलेले बाबा दुपट्टा घासून राह्यलेत.

"आबाजी, कायले धुता जी?" चिनू विचारते.

"उद्या तुहा चष्मा पुसाले लागंल नं, माय."