चूरन आधी काकाजीले

लक्ष्मीचंद काकाजी,

तुमाले नमस्कार कराची इच्छा नाही, म्हनून करत नाही.

माह्या रक्तात एचआयव्ही निघाला, हे मी फक्त तुमाले सांगतलं होतं. तुमी चौकात सांगतलं, वरून म्हटलं, "तिलक्या आता सालभराचा पाहुना." मंग गपचूप चूरनाची पुडी आनून देल्ली. "सरकारी गोळ्या सुरू नोको करू, पोट्ट्या. जिंदगीभर खाव्या लागतेत. हे घे, यानं काहीच नुकसान नाही."

मी दवाखान्यात डाक्टरीनबाईले इचारलं, "गोळीनं चक्कर येते का?"

"सुरुवातीला येऊ शकते."

"मधात सोडल्या तं?"

"आजार जोर धरतो. मग त्याच गोळ्या काम करत नाहीत."

"आन् लग्न?"

"नेमाने खा. तपासणीत विषाणू दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर बायकोला होत नाही."

तिनं चांगलं-वाईट दोन्ही सांगतलं. तुमच्या चूरनाचं कोनाले इचारू? म्हनून तुमच्याच चहात टाकलं. तुमी लोटा घेऊन दिवसभर धानाच्या बांधीकडे पळून राहिले होते, आन् मी धुऱ्यावर बसून हासून राहिलो होतो. हे पत्र तुमाले देनार नाही. देल्लं तं माह्या घरचा चहा सोडसान, आन् अर्धी पुडी अजून बाकी हाय.

दुसऱ्याच दिवशी गोळी सुरू केली. एकबी चुकवत नाही. काऊन, सांगू? तुमाले पोरगा नाही, काकाजी. आपल्यात मंग पुतन्याच आगी देते. तुमच्या तिरडीसमोर मडकं धरून मीच चालन. मले काही घाई नाही.

तुमच्याआधी न जानारा,
तिलक