सुतळीच्या गाठी

४ मार्च

चि. धाकटूस,
अ. उ. आ.

मी सुखरूप पोहोचले. तुझ्याकडून निघाल्यावर स्टँडवर जायच्या आधी शिंपीणबाईंकडे डोकावले. आपली फळी त्यांच्या भिंतीवर कशी दिसते ते बघायची हौस, दुसरं काय! तू लाकूड कापून भोकं पाडायची, मी सुतळी ओवून गाठी मारून परत पाठवायची आणि तू गिऱ्हाइकाच्या घरी टांगायची. इतकी वर्षं हे चाललंय, पण गिऱ्हाइकाकडे टांगलेली फळी मी कधी पाहिलीच नव्हती.

तिथे एका बाजूची सुतळी उंदराने पार कुरतडलेली. फळी मात्र जागची हलली नव्हती, वर रिळांचे डबे आणि इस्त्रीसुद्धा. वाकून बघते तर खाली दोन लोखंडी अँगल. शिंपीणबाई म्हणाल्या, हल्ली तू सगळ्यांनाच लावून देतोस, सुतळी नुसती शोभेला. मला तिथे बसवेना. माझ्या गाठींवर भरवसा नव्हता, तर पत्रापत्रातून कौतुक कशाला करत होतास?

उत्तर लगेच धाड.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तोंड लपवावंसं वाटलं. गेल्या वर्षी तुझी एक फळी माझ्याच स्वयंपाकघरात कोसळली. बरण्या फुटल्या, बायको थोडक्यात वाचली. गाठ सरकली होती. ताई, तुझी बोटं आता पूर्वीसारखी आवळत नाहीत. सांगायला कितीदा पेन उचललं. पण भाऊजी गेल्यावर तुला या गाठींचाच काय तो विरंगुळा, तो कुठल्या तोंडाने काढून घेऊ? म्हणून अँगल लावले आणि लिहीत राहिलो की गाठी दगडासारख्या आहेत.

कान धर, वाट्टेल ते बोल, पण अबोला धरू नकोस. नव्या फळ्या तासून ठेवल्या आहेत. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटू

१४ मार्च

चि. धाकटूस,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा नातू व्हरांड्यात झोक्यावर होता. तुला ठाऊक नाही, गेल्या महिन्यात मीच बांधला तो. जाड फळी आणि चौपदरी सुतळी. सून म्हणत होती की बाजारातून साखळीचा आणू. मी तिला तुझं ते दगडासारख्या गाठींचं पत्र वाचून दाखवलं आणि वर ऐकवलं की माझा भाऊ उगाच कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नाही.

पत्र अर्ध्यात टाकून धावले, त्याला उतरवलं आणि स्वतः बसले. दुसऱ्याच हेलकाव्याला गाठ सुटली. कमरेला मुका मार आहे. सून शेक देते, पण उरलेली सुतळी तिने माळ्यावर टाकली. ते जास्त लागतं.

बोटांचं तुझं खरं निघालं. एका ओळीने कळवलं असतंस तर चार दिवस रडले असते आणि गाठी मारणं सोडलं असतं. तू माझ्या जिवाला जपत होतास, तेही कळतं. तरी राग जात नाही आणि इतक्यात जाईलसं वाटत नाही. नव्या फळ्या पाठवू नकोस.

गिऱ्हाइकांना तू अँगल लावून दिलेस. माझा नातू नुसत्या तुझ्या शब्दावर बसला होता.

ताई