देवघरातली शिडी

१८ जाने. '९५, बुध.
माझ्या लॅबमधल्या सेल्वीनं खाटकाकडून थर्मासमध्ये कोंबडीचं रक्त आणलं. माझी हिंमत झाली नाही. आईला माझ्या प्रोजेक्टबद्दल एवढंच माहीत, की पेशीतला काहीतरी दोरा. कोंबडीचं कळलं तर बंगळूर राहिलं बाजूला, कॉलेजही बंद. अप्पांनी शिकवलेली देवनागरी या वहीसाठी बरी कामाला आली, आई तमिळच वाचते.
सर म्हणाले, जेलच्या चकतीवर डीएनएच्या तुकड्यांची शिडी उमटली तर बंगळूरच्या लॅबकडे शिफारस करतो.

२० जाने., शुक्र.
सत्यानाश. रक्तपेशींची केंद्रकं बफरच्या खारट द्रावणानं धुऊन झाली होती, पण मन मानेना. रक्तच ते. डिस्टिल्ड पाण्यानं आणखी एकदा विसळली, देवाची उपकरणी विसळावीत तशी. पाण्यात मीठ नाही, केंद्रकं फुगून फुटली. ट्यूबमध्ये नुसता चिकट गोळा.
सर हसून हसून बेजार. "सोवळं घरी ठेवून येत जा," म्हणाले. मला रडू आलं, मग भूक लागली. कँटीनमध्ये गरम बोंडा.

२२, रवि.
आई मल्लीची, म्हणजे मोगऱ्याची, फुलं गुंफत होती. विचारलं, तुझ्या दोऱ्याचं काय झालं? म्हटलं, हे असंच. हिस्टोन नावाची प्रथिनं म्हणजे फुलं. डीएनए त्यांना वेढे घेत जातो, म्हणून एवढा लांब असून इवल्याशा केंद्रकात मावतो. आमचं एंझाइम म्हणजे कात्री, पण ती फुलांमधल्या मोकळ्या दोऱ्यालाच लागते. तुकडे पडतात एका फुलाचे, दोन फुलांचे, तीन...
आई म्हणाली, अंतर सारखं असलं तर.
तेच तर बघायचंय! जेलवर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, अंतर सारखं असेल तर त्याचीच शिडी.

२५, बुध.
रक्त आणायला आज मीच गेले, नाकाला ओढणी लावून. धुणं फक्त बफरनं. पुन्हा पाण्यानं विसळायला हात शिवशिवत होते, आवरले.
संध्याकाळी यूव्ही दिव्याखाली जेल धरलं. शिडी!! खालच्या पायऱ्या ठसठशीत, वर वर पुसट. सेल्वीनं मला गरागरा फिरवलं. सर शिफारस करणार. फार फार आनंद.

२६, गुरु. सुट्टी.
आईला जेलचा फोटो दाखवला. खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. म्हणाली, "सारखी गुंफलीय. जा हो बंगळूरला."
आणि फोटो सरळ देवघरात. बालाजीच्या शेजारी, वर मल्लीचं फूल. अय्यो, कोंबडी थेट देवांत! काढून घ्यावा तर का म्हणून सांगू?
मग स्वयंपाकघरातून आवाज, "कुणाचा गं हा दोरा? माणसाचा?"
जेवल्यावर सांगते म्हटलं. जेवण झालं. ताकभातसुद्धा संपला. आई हात पुसत इकडेच येतेय.