रिकामा रेकॉर्डर

अण्णा, मी ग्रंथालयातल्या माझ्या खिडकीशी बसून लिहिते आहे. ग्रंथालय म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं पुस्तकांची कपाटं येणार, पण माझ्या विभागात पुस्तक औषधालाही नाही. लॅपटॉप, कॅमेरे, आवाज टिपायचे रेकॉर्डर, अंध मुलांना मजकूर वाचून दाखवणारा संगणक, आणि आत रेकॉर्डिंगसाठी काचेची खोली. मुलं ओळखपत्र ठेवतात आणि वस्तू नेतात. तुमच्या टूलरूममध्ये कामगार पितळी बिल्ला ठेवून हत्यार न्यायचे, तसंच. परत आलेलं हत्यार तेलाच्या फडक्यानं पुसल्याशिवाय तुम्ही मांडणीवर ठेवत नव्हता. माझंही तेच. वस्तू आली की आतून कोरी करायची, मगच कपाटात. नियम म्हणतो पुसण्याआधी एक दिवस थांबा, पण मला तेवढा धीर कुठला.

सोमवारी समाजकार्य शिकणारी एक मुलगी आली. घरचे मूळ नांदेडकडचे, आता चाकणला. पत्रा कापायच्या प्रेस शॉपमध्ये बोटं गमावलेल्या सहा बायकांच्या मुलाखती तिनं आमच्या रेकॉर्डरवर घेतल्या होत्या. "मॅडम, तीन दिवस वाढवून द्या की. चार्जिंगला राहू द्या इथंच, उद्या सकाळी नेते." पुस्तकाची मुदत वाढवली म्हणून आतली अक्षरं जात नाहीत; तिनं तसंच धरलं, आणि तिचं काही चुकलं नाही. मी मुदत वाढवली, तिची पाठ वळताच सवयीनं रेकॉर्डर पुसला आणि चार्जिंगला लावला.

मंगळवारी तिनं खिडकीशीच हेडफोन लावला. मग म्हणाली, "मॅडम, ह्यात काहीच न्हाई. माझ्याच हातून गेलं असंल का?" मला त्या क्षणीच सगळं कळलं होतं. तरी म्हटलं, "जुनं यंत्र आहे गं, होतं कधी कधी." शुक्रवारी तिचे सर रेकॉर्डिंग ऐकणार होते, नसेल तर सही नाही, म्हणजे वर्ष गेलं. शिवाय सहातली एक बाई काम सोडून गावी गेलेली, तिचा फोन लागत नव्हता. "तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं होतं, मॅडम." मग ती बाहेरच्या खुर्चीवर बसून तासभर एकेक बटण दाबून बघत राहिली, आपलं काय चुकलं ते शोधत. काचेतून मला दिसत होती. मला यंदा कायम करण्याची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, अण्णा, आणि त्या तासात मी त्या फाइलचाच विचार करत होते.

मला खंडेनवमी आठवली. मी नऊ वर्षांची आहे, कंपनीत यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या आहेत, तुम्ही कुणाशी तरी बोलताय. मी जाडी मोजायचा मायक्रोमीटर हातात घेते, तो फरशीवर पडतो, मी तो डबीत ठेवून डबी मिटते. तुम्ही येऊन डबी उघडता, स्क्रू फिरवून बघता, आणि मायक्रोमीटर बाजूला काढता. आपण निगडीला घरी पोचतो. मग जिन्यात थांबून म्हणता, "पडला त्याचं काय नाही. गुपचूप ठेवलास. उद्या कुणी त्याच्या मापाच्या भरवशावर जॉब कापला असता, आणि बोलणी त्यानं खाल्ली असती." सणासुदीला लेकीला रडवलंत म्हणून तेव्हा तुमचा फार राग आला होता. थोडा अजूनही आहे.

संध्याकाळी रेकॉर्डर आमच्या तंत्रज्ञाकडे दिला. तो म्हणाला, "मॅडम, निघू शकतं. पण कुणी पुसलं ते रजिस्टरला लिहावं लागेल." मी म्हटलं, "आधी निघतंय का ते बघ." बुधवारी ती मुलगी काही सापडलं का विचारायला दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा मी मान वर न करता नाही म्हटलं.

आज गुरुवार. तीन वाजता त्याचा फोन आला. सहापैकी पाच मुलाखती निघाल्या. सहावीवर मंगळवारी कुणीतरी चाचणीचं रेकॉर्डिंग केलंय, म्हणाला, म्हणून ती गेली. ती गावी गेलेल्या बाईची होती.

फोन ठेवला आणि मुलीला बोलावून सगळं सांगितलं: मी पुसलं, मी खोटं बोलले, त्या दिवशीच बोलले असते तर ती बटणं दाबत बसली नसती आणि सहावीही राहिली असती. तिच्यासमोर रजिस्टरमध्ये माझं नाव लिहून सही केली. "तीन दिवस मी स्वतःलाच शिव्या देतेय, मॅडम," एवढंच म्हणाली. पाच मुलाखतींचा पेन ड्राइव्ह मी दिला, तो पिशवीत ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली. "पण तुम्ही स्वतःहून सांगितलंत. सगळ्या गेल्या असत्या तरी सांगितलंच असतं तुम्ही."

मी हो म्हटलं.

अण्णा, नसतं सांगितलं. तुम्ही हयात असतात, तरी हे पत्र मी तुमच्या हाती पडू दिलं नसतं.