क्रूझ नदीची ओटी

मी, शरयू जगन्नाथ पेठकर, वय अडुसष्ट, राहणार ट्रॉय, मिशिगन, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. वकिलांनी याचं इंग्रजी केलं आहे. फरक दिसला तर माझं मराठी खरं धरावं.

१. राहतं घर मुलगा ईशान आणि सून आसावरी यांना. बेसमेंटमधली ह्यांची हत्यारं विकू नयेत. ईशानला साधा स्क्रू पिळता येत नाही, पण शिकेल.

२. माझी पुस्तकं मराठी मंडळाच्या कपाटाला. मी चौथीत शाळा सोडली. जे वाचलं ते इथे, हे ऑफिसला गेल्यावर, एकटीने. पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत.

३. बँकेतल्या सर्व ठेवी मुलगी देवयानीला. त्यांतून तिने एक काम करायचं आहे. त्याचं कारण लिहिते.

२००३ साली ती नोकरीसाठी फ्रान्समध्ये होती. तिने आम्हा दोघांना क्रूझ नदीकाठच्या मूलेत नावाच्या खेड्यात आठ दिवस ठेवलं. चाळीसेक घरं, एक बंद पडलेली गिरणी, एक चर्च. पाणी इतकं संथ की चर्चचा मनोरा त्यात उभा, दगड न् दगड मोजावा. ह्यांनी विचारलं, "काय गं, बरं वाटत नाही का?" मी पिशवीत हात घालून नारळ शोधायला लागले.

नदी पहिल्यांदा भेटली की तिची ओटी भरायची, एवढं मला माहीत. ट्रॉयहून नेलेला खण-नारळ मी पाण्यात सोडला. तेवढ्यात काळ्या कपड्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई स्कर्ट वर धरून पाण्यात उतरल्या आणि नारळ माझ्या हातात आणून दिला. माझा पडला असं त्यांना वाटलं. हे म्हणाले, "घे, नदीला पसंत नाही तुझा नारळ!" देवयानीने बाईंना फ्रेंचमध्ये समजावलं. त्यांनी तो परत मागून घेतला, स्वेटरला पुसला आणि दोन्ही हातांनी पाण्यात ठेवला. तो वळणाआड जाईपर्यंत आम्ही चौघं उभे होतो. मग कळलं, त्यांचा नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. ती ओटी नदीने विधवेच्या हातून घेतली होती.

२००५ मध्ये हे गेले. पुढच्या वर्षी मी पुन्हा मूलेतला गेले, तासभर काठावर बसले आणि नारळ पिशवीतच परत आणला. तिथे मला अडवणारं कोणी नव्हतं.

देवयानीला मात्र अडवलं. आसावरीच्या डोहाळजेवणात माझ्या नणंद शोभनावन्संनी देवयानीच्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं. "तू राहू दे गं, सवाष्णी भरतील." तिच्या घटस्फोटाला चार महिने झाले होते. ती म्हणाली, "इट्स ओके, आत्या." मी समोर बसून गप्प राहिले. त्यानंतर ती घरातल्या एकाही कार्याला आलेली नाही. वन्संची चूक असेल तेवढीच माझी आहे, हे लेखी कबूल करते.

४. म्हणून देवयानीने मूलेतला जाऊन स्वतःच्या हाताने नदीची ओटी भरावी. कोणाला विचारू नये. शोभनावन्संना सोबत यायचं असेल तर त्यांचंही तिकीट माझ्या पैशांतून काढावं. वन्सं, हे रागाने लिहीत नाही. ती नदी तुम्हीही पाहावी, असं खरंच वाटतं.

सही: शरयू जगन्नाथ पेठकर
ट्रॉय, मिशिगन, १४ सप्टेंबर २००८

शरयूकाकूंनी हे सगळं आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मग आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: राजीव खांडेपारकर, शेजारी
गिरिजा सोहोनी, मैत्रीण